स्मरणार्थ धांव आणि नांदुऱ्याकडील शेतकरी

घरचें माणूस गेल्यावर त्याच्या नांवानें धांवण्याची शर्यत भरवावी व तींतून जमलेला पैसा रोग्यांच्या किंवा निराधारांच्या उपयोगी लावावा, ही रीत आतां मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीं. नांदुऱ्यासारख्या कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या मुलुखांत ती यावी कीं नाहीं, आणि आलीच तर कोणत्या रूपानें यावी, याविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली शंका वडीलधाऱ्या मंडळींची. दिवसभर वखरामागें पाय तुडविणाऱ्यानें पहांटे उठून पुन्हां धांवावें कशाला? हें शहरी लोकांचें थेर आहे, असें ते म्हणतील. पण इतिहास निराळें सांगतो. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या, त्यांचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. त्या शर्यतींत उतरलेले बहुतेक गडी शेतांत राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले व अनवाणी धांवणारे होते. शर्यतीच्या नियमांची त्यांस फारशी माहितीही नव्हती. तरी त्यांचा वेग पाहून दोराबजी चकित झाले आणि पुढच्या वर्षीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदी खेळाडू धाडण्याच्या कामीं त्यांनीं पुढाकार घेतला. त्या खेळाडूंपैकीं बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले व एकोणिसावे आले. तेव्हां लांब पल्ल्याची धांव हा शहरी माणसाचा शोध आहे असें कोणीं समजूं नये. शेगांवास पायीं जाणाऱ्या आमच्या लोकांस तर तें सांगावयासही नको.

याच दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढल्याच वर्षीं दोराबजीही गेले. त्यांच्या नांवाच्या न्यासानें मुंबईस परळ येथें बांधलेलें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारींत उघडलें. वऱ्हाडांतला रोगी आज तेथें जातो, तेव्हां औषधाच्या खर्चाहून त्यास दुसरेच खर्च अधिक नडतात. गाडीभाडें, सोबत्याची खाण्याराहण्याची सोय, आणि सर्वांत मोठा म्हणजे दोन माणसें महिनोन्‌महिने शेतावर नसण्याचा खर्च. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळाला तर नशीब. पेरणी चुकली तिची भरपाई कोणत्याही योजनेंत बसत नाहीं. स्मरणार्थ धांवेचा पैसा लागावा तो अशा ठिकाणीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परदेशांतील एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. कॅनडांतील टेरी फॉक्स या तरुणाचा पाय हाडाच्या कर्करोगामुळें १९७७ सालीं कापावा लागला. १९८० सालीं कृत्रिम पाय लावून तो कर्करोगाच्या संशोधनास पैसा मिळावा म्हणून देशाच्या एका टोंकापासून धांवत निघाला व १४३ दिवस धांवला. रोग फुप्फुसांत शिरल्यावर त्यास थांबावें लागलें. १९८१ सालीं तो वारला. त्याच सालापासून त्याच्या नांवानें अनेक देशांत लोक दरवर्षी धांवतात. त्या धांवेंत पहिला-दुसरा नंबर नसतो, चालत येणाऱ्यासही मज्जाव नसतो. आमच्याकडे हाच प्रकार घ्यावा.

आतां घरचें उदाहरण. मूळच्या आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांतील व पोटासाठीं बारामती तालुक्यांत पिंपळीस जाऊन राहिलेल्या श्रीमती लता करे यांचें नांव बहुतेकांस ठाऊक असेल. पतीच्या आजाराच्या तपासण्यांस पैसा नव्हता. तेव्हां २०१४ च्या सुमारास, साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीच्या शर्यतींत ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या धांवेंत नऊवारी लुगडें नेसून अनवाणी धांवल्या व पहिल्या आल्या. बक्षीस पांच हजार रुपये. पुढें त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांत त्यांनीं स्वतःच काम केलें, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. हा मान त्यांस मिळाला तो योग्यच. परंतु साठीच्या बाईनें शर्यत जिंकावी तेव्हां कोठें नवऱ्याची तपासणी व्हावी, यांत नुसत्या टाळ्या वाजविण्याजोगें काय आहे? त्या हरल्या असत्या तर? धडधाकटांनीं धांवावें आणि रोग्याच्या बायकोनें रोग्यापाशीं बसावें, असा क्रम लावून देणें हेंच स्मरणार्थ धांवेचें काम होय.

तेरवीच्या पंगतीचा आम्हांस द्वेष नाहीं. पण तिच्यासाठीं कर्ज काढूं नये, हें गाडगेबाबा जन्मभर सांगत फिरले आणि तरीही तें निघतेंच. निदान वर्षश्राद्धाचा खर्च अर्धा करून उरलेला पैसा या कामीं लावण्यास कोणाचा धर्म आड येतो असें आम्हांस वाटत नाहीं.

एक गोष्ट बोलण्यास अवघड, पण सोडून देतां येत नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस खास मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा घरीं गेलेल्याचें नांव दबक्या आवाजांत घेतलें जातें. लेंकरें शाळेंत बापाचा विषय टाळतात. त्याच्या नांवानें सारा गांव उजेडांत धांवला, तर त्या लेंकरांस मान वर करतां येईल. मात्र आधीं त्या माउलीस विचारावें. ती नको म्हणाली तर विषय तेथेंच संपला. आणि तिला व्यासपीठावर उभी करून पाकीट देतांनाचीं छायाचित्रें काढण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस अगदीं नापसंत आहे. पैसा मुकाट्यानें घरपोंच द्यावा.

बाकीच्या गोष्टी व्यवहाराच्या. दिवस माघांतला धरावा; तेव्हां कापसाची वेचणी बहुतेक उरकलेली असते व पहांट थंड असते. वैशाखांत आमच्या उन्हांत धांव ठेवणें म्हणजे एका स्मरणासाठीं दुसऱ्या स्मरणाची तयारी करणें होय. मलकापूर-खामगांव महामार्ग टाळावा. मालमोटारींपुढें स्वयंसेवकाच्या शिट्टीचें काय चालणार? खेड्याचा रस्ता बरा. ४२ किलोमीटरांचा हट्ट नको, तीन व पांच पुरेत. छातीचें दुखणें असणाऱ्यानें डॉक्टरास विचारल्यावांचून उतरूं नये. अनवाणी येणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घेऊं नये. छापील बंड्या व पदकें यांवर जमेचा मोठा भाग उडतो, म्हणून तीं नसलेलींच बरीं.

हिशेब पंधरा दिवसांत बाजार समितीच्या फाटकावर लावावा, देणगीदारांच्या नांवांसह आणि खर्चाच्या पैन्‌पैसह. ज्या गांवीं असा बेत ठरेल तेथील मंडळींनीं तो हिशेब आम्हांकडेही धाडावा. या मासिकांत त्यास जागा देऊं.