गार्ड नसलेले मशीन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत प्रेसवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला नुसते ‘हात सांभाळ’ सांगून मालकाची सुटका होत नाही. यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागाला गार्ड बसवण्याची जबाबदारी १९४८च्या कारखाने अधिनियमानेच कारखानदारावर टाकली. गार्ड दीड वर्षाने बसेल, तोवर आपापली बोटे जपा, असे कोणी म्हटले तर इथला एकही कामगार ऐकून घेणार नाही. केंद्र सरकार मात्र आपल्याला नेमके हेच सांगत आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ला निघाले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिने मिळाले. म्हणजे मे २०२७.

अठरा महिने कशाला? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितले. कायदा ऑगस्ट २०२३चा. युरोपात याहून कडक कायदा मे २०१८पासून लागू आहे आणि याच कंपन्या तिथे धंदा करत आहेत. जे तिथे जमते, त्याला इथे दीड वर्ष लागावे, याचे एकही पटणारे कारण नाही.

आपल्या या कायद्याचा एक भाग मात्र नियम निघाले त्याच दिवशी लागू झाला. माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलले. व्यापक जनहितासाठी अशी माहिती देण्याची वाट त्या कलमातून काढून टाकली. केंद्राच्या तीन वर्षे आधी, २००२ मध्येच माहितीचा अधिकार देणाऱ्या महाराष्ट्राला हे झोंबले पाहिजे. सरकारी दप्तराला तत्काळ संरक्षण आणि नागरिकाला अठरा महिन्यांनी!

तोवर काय होणार, हे शिरोलीच्या चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. प्रोफाइलचा फोटो उचलून बनावट खाते निघते आणि ‘अर्जंट आहे, पाच हजार पाठव’ असा मेसेज पाहुण्यारावळ्यांना जातो. नोकरीच्या आशेने पोरे आधार कार्डाचा फोटो अनोळखी ग्रुपवर टाकतात. मुलीचा साधा फोटो मॉर्फ होतो आणि घरचे तिचाच मोबाइल काढून घेतात. ही तर सर्वात मोठी चूक. तिने काहीही केलेले नाही. तिच्या पाठीशी उभे राहा, स्क्रीनशॉट जपून ठेवा, लगेच पोलिसांत जा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० लावा. प्रोफाइल लॉक करा, ओटीपी देऊ नका, हेही आम्ही सांगूच. पण जपण्याचा सगळा भार वापरणाऱ्याच्याच डोक्यावर का? हातमोजे कामगाराने घालावेत, गार्ड मालकानेच बसवला पाहिजे.

सरकारला घाई करता येत नाही, असेही नाही. ७ जून २०२३ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, तेव्हा जिल्ह्याचे इंटरनेट बंद व्हायला अठरा महिने लागले नाहीत. ज्यांनी काही केले नव्हते त्यांचेही व्यवहार थांबले. सामान्य माणसावर काही तासांत निर्बंध येतात. कंपन्यांना मात्र सवलत मिळते.

आणि अठरा महिन्यांनंतर तरी काय? कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होईल, पण तो सरकारच्या तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपयाही नाही. निष्काळजी कंपनीकडून भरपाई मिळवून देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ हा विदा संरक्षण कायदाच रद्द करतो. ते मे २०२७ मध्ये जाईल. कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हे कलम वाचवण्याची दुरुस्ती मांडावी, आणि मुदत अठरावरून सहा महिन्यांवर आणण्याची मागणीही त्याच दिवशी करावी.