नक्कल म्हणून हिणवण्यापूर्वी

‘शांघाय ५८-२’ म्हणजे जर्मन लायका कॅमेऱ्याची चिनी नक्कल, असे म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. १९५८ साली शांघायमध्ये लायका समोर ठेवून कॅमेरे घडू लागले, हे खरेच. पण रेंजफाइंडर कॅमेरा नुसता पाहून उतरवता येत नाही. त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस जुळतो. आतली जुळणी केसभर चुकली तरी फोटो धूसर! शिवाय त्या जुन्या लायकात फोकसची खिडकी निराळी, दृश्याची निराळी. ५८-२ मध्ये दोन्ही एकच. नुसता नकलाकार एवढे कशाला करील?

हे मला इतके का लागते? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गेल्या वर्षी सरांची वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवली, मित्र हसले. (परीक्षेतल्या कॉपीची वकिली मी करीत नाही. तिथे हात चालतो, डोके नाही.) घरी पुस्तकांचे कपाट नसेल, तर पहिले अक्षर दुसऱ्याचेच गिरवावे लागते. यंदा ट्यूटोरियलमध्ये सरांच्या मताखाली मी माझे एक वाक्य लिहिले. त्यापुढे लाल शाईचे प्रश्नचिन्ह आले. खोडले मात्र नाही.