कुऱ्हाड जहाज वाचवण्यासाठी होती

१/ सागरी युद्धांवरील व्हिडिओ गेममध्ये ‘बोर्डिंग ॲक्स’ अनेकदा भेटते. तलवारीहून संथ, पण घाव जबर. एवढ्यातच तिची ओळख संपते. पाते, काटा, दांडा सारे हुबेहूब असते. खोटे असते ते तिचे काम.

२/ १८०० च्या आसपासची युद्धनौका म्हणजे लाकूड, डांबर, दोरखंड, शिडे आणि बंदुकीची दारू. तिला शत्रूच्या तलवारीहून आगीचे भय अधिक. कुऱ्हाडीचे पाते दोर छाटण्यासाठी होते. मागचा अणकुचीदार काटा जळते लाकूड ओढण्यासाठी. अमेरिकी नौदलाच्या अनेक कुऱ्हाडींच्या पात्याला खालच्या कडेस खाचा असत. गेममध्ये त्या क्रूर भासतात. प्रत्यक्षात पेटलेले दोरखंड त्यांत अडकवून समुद्रात लोटले जात!

३/ डोलकाठी कोसळली की ती शिडा-दोरांसह जहाजाच्या कुशीला लोंबकळे. नौका सुकाणूला दाद देत नसे, तोफांची तोंडे शिडाखाली झाकली जात. तशाच तोफा डागाव्यात, तर शीडच पेटायचे. अशा वेळी भराभर दोर तोडणाऱ्या खलाशाच्या हाती साऱ्या नौकेचे प्राण असत.

४/ ट्राफल्गार, २१ ऑक्टोबर १८०५. ‘आशिल’ या ७४ तोफांच्या फ्रेंच नौकेच्या पुढच्या डोलकाठीवरील माचाला आग लागली. ती डोलकाठी तोडून समुद्रात पाडण्याची खलाशांची धडपड चालू होती. तेवढ्यात ब्रिटिश ‘प्रिन्स’च्या माऱ्याने डोलकाठ्या तुटल्या आणि पेटता माच थेट डेकवर आला. सायंकाळी नौका स्फोटात उडाली. शेकडो माणसे गेली. या प्रसंगात कुऱ्हाडीचा घाव लाकडावर पडायचा होता, माणसावर नव्हे.

५/ ब्रिटिश नौदलात तोफेवरच्या माणसांना दुसरेही काम नेमलेले असे: कोणी चढाईला, कोणी आगीवर, कोणी शिडांवर. चढाई करणाऱ्यांची भिस्त मुख्यतः आखूड तलवार, भाला आणि पिस्तूल यांवर. आग विझवणारे आणि दोर तोडणारे मात्र गेममधून बेपत्ता, कारण त्यांच्या कामाला गुण मिळत नाहीत.

६/ ‘गेम म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे’ हे उत्तर ठरलेलेच आहे. या कुऱ्हाडीने माणसेही मारली, चढाई रोखण्यासाठी बांधलेली जाळीही कापली. ते कोणी नाकारत नाही. पण अस्सलतेचा डांगोरा पिटून गेम विकायचा आणि चूक दाखवली की करमणुकीच्या आड लपायचे, हा दुटप्पीपणा आहे.

७/ अशा काही गेममध्ये डोलकाठी कोसळते, आगही पसरते. खेळाडूच्या हाती कुऱ्हाडही असते. तिने दोर तेवढा तुटत नाही.