आजारी मुलाचें पाणी तोडूं नका

उन्हाळ्यांत विहिरी आटल्या कीं जालना जिल्ह्यांत गढूळ पाणी पिण्यांत येतें व मुलांस हगवण लागते. पाण्यानें जुलाब वाढतात म्हणून त्यांचें पाणी तोडणें ही माया नव्हे, घात होय, असें आम्हांस वाटतें. मूल दगावतें तें अंगांतील पाणी व क्षार सरल्यामुळें. १९७१ सालीं बंगालमधील बनगाव येथें पटकी झालेल्या निर्वासितांस डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या खालीं आलें. उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत सपाट मापानें ६ लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावें. मूल सुस्तावल्यास तत्काळ दवाखाना गांठावा. विद्यार्थ्यांनो, हें माप पाठ करा. धाकट्या भावंडाच्या उशाशीं प्रथम तुम्हीच असतां.