गडी पाहावा पळताना

दिवाळी अंकात या सदराला शिवाजी पार्क आणि वानखेडे सोडून थोडे लांब फिरून येण्याची सवलत असते. यंदा थेट अमेरिकेत जाऊ. ज्यांचे चिरंजीव किंवा कन्या-जावई तिकडे आहेत, त्यांना तिथल्या फुटबॉलची तोंडओळख असेलच. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबोडका, पायापेक्षा हातातच अधिक, आणि खेळाडूंच्या अंगावर चिलखत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा. एवढे ठाऊक असले की आजच्या विषयाला पुरे.

या खेळात ‘रनिंग बॅक’ नावाचा गडी असतो. पुढे पाच धिप्पाड भिडू प्रतिपक्षाला रेटून फट पाडतात आणि हा पठ्ठ्या चेंडू बगलेत मारून त्या फटीतून निसटतो. आपल्या कबड्डीतला चढाई करणारा आठवा. चार जणांनी पकडलेले असताना जो मध्यरेषेवर हात टेकवतो, त्याच जातीचा हा माणूस. कॉलेजात तो नावारूपाला आला की व्यावसायिक संघांपुढे प्रश्न पडतो : याला घ्यावा का, आणि घ्यावा तर कितव्या क्रमांकावर?

ही निवड म्हणजे ‘ड्राफ्ट’. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो. तिथे बोली नाही, पाळी असते. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला, त्याची पाळी पहिली. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. गंमत अशी की त्यात सर्वांत आधी पुकारलेला जे बर्वँगर हा शिकागो विद्यापीठाचा गडी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पगाराचे जमले नाही. त्याने सरळ नोकरी-धंद्याची वाट धरली. म्हणजे पहिल्याच मुहूर्ताला नवरदेव बोहल्यावरून उतरला!

निवडीआधीची परीक्षा पाहण्यासारखी असते. इंडियानापोलिस शहरात १९८७ पासून दरवर्षी उमेदवारांचा मेळा भरतो. पूर्वी आपल्याकडे मुलगी दाखवताना ‘चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव’ म्हणत, तोच प्रकार. उंची-वजन मोजतात, डॉक्टर गुडघे दाबून पाहतात, १०२ किलोंचा भार किती वेळा उचलतो ते मोजतात. मुख्य म्हणजे चाळीस यार्डांची, सुमारे साडेछत्तीस मीटरची, धाव. तिचा आकडा दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्तमानपत्रांत! २००८ साली ख्रिस जॉन्सन ती ४.२४ सेकंदांत धावला, चोविसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २००९ च्या हंगामात त्याने २,००६ यार्ड कापले. घड्याळावर विश्वास ठेवणाऱ्यांना केवढा आनंद झाला असेल!

परंतु त्याच घड्याळाने एमिट स्मिथला बुटका आणि संथ ठरवले होते. १९९० मध्ये सोळा नावे पुकारून झाल्यावर डॅलस संघाने त्याला घेतले. पुढे कारकिर्दीत त्याने १८,३५५ यार्ड धाव केली. तो विक्रम त्याच्या निवृत्तीनंतर वीस वर्षे उलटली तरी टिकून आहे. सरळ मोकळ्या पट्टीवर धावणे वेगळे आणि अंगावर माणसे कोसळत असताना फट उघडण्याआधीच ती ओळखणे वेगळे. स्मिथची नजर पायांपेक्षा तेज होती, आणि नजर मोजणारे घड्याळ अजून निघालेले नाही.

मग जाणकार पाहतात काय? पहिली गोष्ट, पहिला धक्का बसल्यावर गडी आणखी किती यार्ड जातो. धक्क्याआधीची कमाई पुढच्या पाच भिडूंची, नंतरची त्याची स्वतःची. दुसरी, चेंडू हातून सुटतो का. तिसरी, झेल घेता येतात का. चौथी गोष्ट प्रेक्षकांना दिसतच नाही : चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कुणी चाल करून आला तर हा आडवा उभा राहतो का? अनेक नवखे धावपटू याच विषयात नापास होऊन बाकावर बसतात.

सोबत्यांचा वाटा ओळखणे किती अवघड आहे, हे १९९५ च्या ड्राफ्टने दाखवले. पेन स्टेट विद्यापीठाचा की-जाना कार्टर त्या वर्षीचा लाडका. आदल्या हंगामात त्याचा संघ एकही सामना हरला नव्हता. त्याला मिळवण्यासाठी सिनसिनाटीने सौदा करून पहिली पाळी पदरात पाडून घेतली. परंतु त्याच पेन स्टेटचे आणखी दोन गडी पहिल्या नवांत निवडले गेले, हेही ध्यानात घ्यावयास हवे. एवढा जबरदस्त संघ पाठीशी असताना कार्टरचे स्वतःचे श्रेय किती?

उत्तर मिळायला नियतीने वेळच दिला नाही. पहिल्याच सराव-सामन्यात, तिसऱ्यांदा चेंडू घेऊन धावताना, त्याच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. तो हंगाम पूर्ण बुडाला. साऱ्या कारकिर्दीत त्याची धाव १,१४४ यार्ड भरली.

त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९५ नावे झाल्यावर, डेन्व्हर संघाने जॉर्जिया विद्यापीठाच्या टेरेल डेव्हिसला घेतले. त्याच्या पहिल्या कॉलेजने फुटबॉल बंदच केला म्हणून तो जॉर्जियात आला होता, आणि शेवटच्या वर्षी मांडीचा स्नायू दुखावला होता. कागदावर गुण बेताचेच. टोकियोतील एका सराव-सामन्यात त्याने चेंडू नसताना एका प्रतिस्पर्ध्याला असे काही आडवे केले की प्रशिक्षकांचे लक्ष गेले. १९९८ च्या हंगामात त्याने २,००८ यार्ड धाव केली आणि २०१७ साली खेळाच्या मानाच्या दालनात त्याला स्थान मिळाले. परंतु १९९९ मध्ये त्याचाही गुडघा गेला आणि २००१ नंतर तो खेळला नाही. पहिल्या नंबराचा आणि एकशे शहाण्णव नंबराचा, दोघांनाही नडला तो गुडघाच.

इथे विषय गंभीर होतो. या गड्याला जवळजवळ प्रत्येक धावेत मार बसतो. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही, असा नियम आहे. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि २००४ मध्ये अपिलात हरला. म्हणजे अंगातली उमेदीची वर्षे कॉलेजच्या मैदानावर खर्च करणे भाग, आणि २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर जाहिरातीचे चार पैसे मिळवण्याचीही बंदी होती. साउथ कॅरोलिनाच्या मार्कस लॅटिमोरचा गुडघा ऑक्टोबर २०१२ मध्ये कॉलेजच्याच सामन्यात निकामी झाला. २०१३ मध्ये चौथ्या फेरीत त्याची निवड झाली खरी. पण व्यावसायिक सामना एकही न खेळता तेविसाव्या वर्षी त्याला निवृत्त व्हावे लागले. आपल्याकडे त्या वयात मुलगा पहिल्या नोकरीत कायम होण्याची वाट पाहत असतो!

संघांनीही हिशेब मांडला. पहिला करार चार वर्षांचा. तो संपेतो गडी झिजतो, मग पुढचा तरुण आणावा. २०१३, २०१४ आणि पुन्हा २०२४ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. हिशेब चूक म्हणवत नाही, पण तो माणसांचा आहे, ट्रकच्या टायरांचा नव्हे. शिवाय तो नेहमी जुळतोच असे नाही. सेकॉन बार्कलीला न्यू यॉर्क जायंट्सने २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतले. कमकुवत फळीमागे धावून, गुडघा एकदा तुटून, सहा वर्षांनी तो फिलाडेल्फियाकडे गेला. आणि तिथल्या भक्कम फळीमागे २०२४ मध्ये त्याने २,००५ यार्ड कापले. गडी तोच, वाट करून देणारे बदलले.

२०२५ मध्ये बॉइझी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीला लास व्हेगस संघाने सहाव्या क्रमांकावर निवडले. आदल्या हंगामात त्याने २,६०१ यार्ड धाव केली होती, तीही ३७४ वेळा चेंडू घेऊन. यश मोठे, तसा अंगावर घेतलेला मारही मोठा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

एप्रिलच्या अखेरीस हा ड्राफ्ट दूरदर्शन संचावर दिसतो. अमेरिकेतल्या नातवंडांसोबत पाहण्याचा योग आला तर त्यांना विचारा : याच्या पुढे कोण उभे होते? धक्का बसल्यावर हा किती पळाला? याचे गुडघे कसे आहेत? आणि नाव पुकारल्यावर कॅमेरा त्याच्या आईकडे वळला, की क्षणभर आकडे बाजूला ठेवून तिच्याकडे पाहा. पोराचे गुडघे तिने कधीपासून मोजायला सुरुवात केली असेल, ते कुठल्या आईला सांगायला नको.