मुहूर्ताची घटका आणि गर्भाचे आठवडे

सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, हा समज आपल्या वडीलधाऱ्या बायांच्या तोंडून अद्याप ऐकू येतो. पुराव्याच्या कायद्यावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यास त्याचे नवल वाटते, कारण पुरावा नेमका उलट आहे. गर्भाशयातला प्रत्येक जादा आठवडा मुलाच्या पदरात काही ना काही टाकीतच असतो.

वैद्यक महिने मोजीत नाही, आठवडे मोजते. पूर्ण मुदत ४० आठवड्यांची. ३७ पुरे होण्याआधीचा जन्म तो अकाली. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अकाली जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे पहिले कारण अकाली जन्मातून उद्भवणारे विकार हेच आहे. अशा मुलाच्या फुप्फुसांना उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव पुरेसा तयार झालेला नसतो. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. आईकडून मिळणारे लोह बहुतांशी अखेरच्या तीन महिन्यांत साठते. म्हणून जगलेले मूलही पुढे पंडुरोगाने खंगण्याचा धोका राहतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासून घेतला नाही, तर प्रसंगी दृष्टी कायमची जाते.

आता दुखऱ्या जागी येतो. दस्तऐवजाच्या कामासाठी आलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सांगितले की, सुनेची शस्त्रक्रिया ‘चांगला दिवस’ पाहून ३७ व्या आठवड्यात ठरविली आहे. घरात बुद्धवंदना होते, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि नातवाची जन्मवेळ मात्र पंचांग ठरविणार! वैद्यकीय कारण नसता ३९ आठवड्यांपूर्वी अशी शस्त्रक्रिया केल्यास मुलास श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. ज्याचे संमतिपत्र कोणी घेतलेच नाही, त्या अशिलाच्या वतीने हे बोलणे भाग आहे.

परंतु सारा दोष घरावर टाकणे अन्याय्य होईल. रक्तक्षय, रक्तदाब, जंतुसंसर्ग, कोवळ्या वयातील व लागोपाठची बाळंतपणे, मशेरी, ही कारणे दारिद्र्याच्या आश्रयाने वाढतात. गर्भवतीच्या विश्रांतीचा भार राष्ट्राने उचलावा, अशी बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडली होती. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने अकाली प्रसूतीमुळे आजारी पडलेल्या स्त्रीस एक महिन्याची जादा पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने मूळ रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत आली. पण उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या, वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या आपल्या भगिनीपर्यंत ही रजा व्यवहारात पोहोचतच नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीस किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपयेच ठरविले. या तफावतीचा जाब विचारणे हे आपल्या महिला मंडळांचे काम आहे.

तोवर जे मूल लवकर आलेच, त्यास उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावे, हा उपचार १९७८ पासून कोलंबियातील बोगोटा येथे सिद्ध होत आला असून त्यास पैसा लागत नाही. बाळंतीण थकली असेल तेव्हा बापाने सदरा काढून बसावे. त्यात कमीपणा मानू नये.