विश्लेषण : गणिताच्या पेपरातला घातांक खाली का घसरतो?

दोनाचा घन किती? आठ. पण मोबाइलवर आलेल्या पेपरात तेच ‘२३’ दिसत असेल, तर मुलाने काय लिहायचे? टायपिंगची किरकोळ चूक म्हणून हे सोडून दिले जाते. पण गणितात अंक कुठे बसला यावरच त्याचा अर्थ ठरतो.

नेमके काय होते?

अकोल्यापासून जामखेडपर्यंत घटक चाचण्या आणि शिष्यवृत्तीचे सराव पेपर हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतात. शिक्षक रात्री जागून ते टाइप करतात. मजकूर एकीकडून उचलून दुसरीकडे चिकटवला, की वर बसलेला ३ खाली येतो. वर्गमूळाच्या चिन्हावरची रेघ तुटते, मग मूळ नक्की कुठपर्यंतचे काढायचे ते कळत नाही. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर अख्खे मराठी वाक्यच अगम्य चिन्हांची खिचडी होऊन येते. मूल अडखळते, गुण जातात आणि ‘गणित कच्चे आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. पेपर कच्चा होता, हे कोणी म्हणत नाही.

एका रेघेने एवढा फरक पडतो?

पडतो. ८ ÷ २(२ + २) हे उदाहरण २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर जगभर गाजले. कोणी १६ म्हणाले, कोणी १. दोन्ही बाजूंना गणित येत होते; भांडण लावले ते सगळे एकाच ओळीत कोंबण्याच्या सवयीने. हेच वहीत आडवी रेघ मारून लिहिले, तर रेघेखाली नुसता २ आहे की पुढचा कंसही आहे, हे दिसतेच. वाद संपला.

याची गमतीशीर बाजूही आहे. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यांचे छपाईच्या चुकीवरचे एक कोडे प्रसिद्ध आहे. छापायचे होते ‘२ चा पाचवा घात गुणिले ९ चा वर्ग’. खिळे जुळवणाऱ्याने घातांक खाली आणून चारही अंक सरळ ओळीत लावले : २५९२. आता गुणाकार करून पाहा. ३२ गुणिले ८१ म्हणजे २५९२च! चूक होऊनही उत्तर बरोबर. मात्र अशी चूक माफ करणारी चार अंकी संख्या ही एवढीच आहे.

देवनागरीची अडचण वेगळी का?

युनिकोडमध्ये इंग्रजी अंकांना घातांक म्हणून वर बसणारी रूपे आहेत. देवनागरी अंकांना तशी नाहीत. सामवेदाच्या गायनखुणांसाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक मात्र २००९ मध्ये युनिकोडमध्ये आले. सामगानाची सोय झाली, आपल्या शाळेतले बीजगणित राहिले! म्हणूनच या लेखातही ‘पाचवा घात’ असे शब्दांत लिहावे लागले.

आपल्या जुन्या बीजगणिताला ही अडचण नव्हती. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि नुसते ‘या’ लिहीत. दुसरी अज्ञात राशी ‘का’, म्हणजे कालक. तिसरी ‘नी’, म्हणजे नीलक. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’. ऋण संख्येवर तेवढे एक टिंब. पुढे ‘क्ष’ आला आणि मराठीत इतका रुळला, की एक्स-रेचे क्ष-किरण झाले.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचे गणितही असेच निव्वळ अंकांचे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा; जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते. हे कोणत्याही साध्या छापखान्यात बिनचूक छापता येते, आणि कापरेकरांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेतल्या. दहावीच्या वर्गसमीकरणाचे तसे नाही.

मग उपाय काय?

१९७७ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड नूथ यांच्या हाती स्वतःच्या पुस्तकाची मुद्रिते आली. गणिताची छपाई पाहून ते इतके वैतागले, की अक्षरजुळणीची स्वतःचीच प्रणाली लिहायला बसले. सहा महिन्यांचे काम दहा वर्षे पुरले. तिचे नाव ‘टेख’. तिच्या प्रत्येक नव्या आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या किमतीकडे एका अंकाने सरकतो, आणि चूक शोधणाऱ्याला नूथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. बहुतेकांनी तो वटवला नाही, चौकटीत लावून ठेवला. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी या प्रणालीसाठी देवनागरीची सोय केली. आता तर युनिकोड मराठी थेट चालते. तेही फुकट.

प्रत्येक शिक्षकाने टेख शिकावे, असे म्हणणे अन्याय ठरेल. अशैक्षणिक कामांचे ओझे आधीच कमी नाही. पण संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला एक तयार साचा आणि एका दिवसाचे प्रशिक्षण देणे अवघड नाही. वर्डमधला समीकरणाचा पर्याय कुठे असतो, पेपर पीडीएफ करूनच का पाठवायचा, एवढे दाखवले तरी निम्मे काम होईल. शिवाय पेपर पाठवण्यापूर्वी दुसऱ्या गणित शिक्षकाने तो मोबाइलवरच उघडून पाहावा, कारण मुले तो तिथेच पाहणार आहेत.

तोवर सुवाच्य अक्षरात हाताने लिहून, फोटो काढून पाठवलेला पेपर वाईट टायपिंगपेक्षा केव्हाही बरा. अपूर्णांकाची रेघ तेवढी पट्टीने मारावी.